बाबांच्या मिलवरची डॉक्युमेंटरी आणि दादांचा तो एक सीन: ठेवू की काढू?

साचाखाते | रविवार, रात्री 11:40

नमस्कार. मी इंदूरची. दोन-तीन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा इथल्या एका कापड मिलमध्ये साचाखात्यात (म्हणजे मागांवर) होते, बावीस वर्षं. (मिलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.) मी सातवीत असताना मिल बंद झाली. बंद झाली म्हणजे एका दिवसात कुलूप लागलं असं नाही, आधी रात्रपाळी गेली, मग पगार पुढे पुढे ढकलायला लागले, मग बदलीवाल्यांना (कायम नसलेल्या कामगारांना) फाटकावरूनच परत पाठवायचे आणि मग एक दिवस भोंगा वाजलाच नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांचं सगळं भोंग्यावर चालायचं, आई कणीक भिजवायची ती पण पहिल्या भोंग्याला. त्या दिवशी आई परातीत पीठ घेऊन तशीच बसून राहिली होती हे मला लख्ख आठवतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या ट्रंकेत एक धोटा सापडला, मागावर आडवा धागा नेणारा, लाकडी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तो हातात घेतला आणि ठरवलं की ही सगळी माणसं जायच्या आत त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं. सेकंडहँड कॅमेरा घेतला, एक कॉलर माईक घेतला, एडिटिंग यूट्यूबवर बघून शिकले. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शूट. परदेशीपुरा, पाटनीपुरा, कुलकर्णी का भट्टा, नंदानगर. चौदा माणसं, सत्तावीस तासांचं फुटेज आणि शेवटी 41 मिनिटांची फिल्म झाली.

पहिलं स्क्रीनिंग गल्लीतच केलं, दोन ओटल्यांच्या मध्ये पांढरी चादर बांधून. त्यात एक सीन आहे, एक काकू पलंगाखालची लोखंडी पेटी ओढतात आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला नवऱ्याचा गेटपास आणि पीएफची स्लिप काढून दाखवतात. जेमतेम पन्नास सेकंदांचा सीन. मी तो काढणारच होते कारण मध्येच फोकस हललाय. तर तिथे मागे बसलेली एक बाई उठून उभी राहिली आणि ओरडली, "रुको रुको, पीछे लो, ऐसी पर्ची तो मेरे पास भी है." मला दोनदा मागे घ्यावं लागलं. ती चादरीजवळ जाऊन बोट लावून बघत होती. पुढच्या आठवड्यात माझ्या दारात नऊ बायका, प्रत्येकीच्या हातात पिशवी. कुणाकडे नुसतं तिकीट नंबर लिहिलेलं कार्ड, कुणाकडे युनियनची पावती, एकीकडे फक्त नवऱ्याचा मिलच्या झांकीसमोर (अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या देखाव्यासमोर) काढलेला फोटो. माझा भाचा लॉ करतोय, तो आणि त्याचे दोन मित्र बसले, प्रत्येकीची फाईल लावली, वारसाचे अर्ज भरले. त्यातले तीन दावे आता पुढे सरकलेत.

म्हणजे फिल्मनं काहीतरी घडतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता प्रश्न.

फिल्ममध्ये एक दादा आहेत, वय 78, मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते. ते सांगतात की मिल बंद झाल्यावर आठव्या महिन्यात त्यांनी मोठ्या मुलाचं नाव शाळेतून काढलं. मुलगा आठवीत, वर्गात पहिला यायचा. त्याला एका हॉटेलात कपबशा धुवायला ठेवला. हे सांगताना दादा चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसत राहतात, पुसतच राहतात, आणि म्हणतात, "त्या पोराच्या कमाईचा पहिला घास मी खाल्ला. अजून गिळला गेला नाहीये." त्यात ते मुलाचं नाव घेतात, दोनदा.

फिल्मचा जीव त्या सीनमध्ये आहे. दादांनी कॅमेऱ्यासमोर परवानगी दिली आहे, रफ कट पण बघितलाय, त्यांची ना नाही. पण परवा त्यांची सून घरी आली. मुलगा आता 46 चा आहे, स्वतःचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, त्यांच्या मुलीचं लग्न जमतंय. ती रागावली वगैरे नाही, शांतपणे म्हणाली, "बाबांनी त्यांचं सांगितलं ते ठीक. पण हे ह्यांचं आहे. ह्यांना विचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही.

आता सीन काढू, ठेवू, यूट्यूबवर टाकू की नको? पुढचं स्क्रीनिंग पंधरा दिवसांवर आहे. प्लीज मनापासून सांगा.

---

भट्टा_गल्ली | सोमवार, सकाळी 7:15

ताई सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आणलंत. माझे काका पण मिलमध्ये, ब्लीचिंगला. अनंत चतुर्दशीच्या आधी महिनाभर ते घरी यायचेच नाहीत, झांकीच्या शेडमध्येच मुक्काम. मिल बंद झाल्यावर सुद्धा लोकांनी वर्गणी काढून झांक्या काढल्या, हे इंदूरच्या बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पगार नाही, घरात डाळीला महाग, आणि तरी दहा-दहा रुपये काढून रात्रभर झांकी ओढत न्यायची, कारण ती रात्र गेली असती तर आपण मिलवाले होतो हेच गेलं असतं.

माझं मत, सीन ठेवा. लोक म्हणतात शहर पुढे गेलं, मिलच्या जागी बिल्डिंगा झाल्या. कुणाच्या पोरांच्या शाळेवरून पुढे गेलं तेही दिसू दे की.

---

सूनबाई_उज्जैन | सोमवार, सकाळी 10:02

मी त्या सुनेच्या बाजूने लिहिणार आहे, कुणाला पटो न पटो.

मुलीचं लग्न जमत असताना घरातली प्रत्येक गोष्ट बाहेर कशी वाचली जाते हे सून म्हणून राहिल्याशिवाय कळणार नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवते. त्या माणसानं तेराव्या वर्षी शाळा सोडली, कपबशा धुतल्या, दुकान उभं केलं, पोरगी शिकवली. हे सगळं त्यानं आपल्या पद्धतीनं सांगायचं का नाही सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवलं असेल ना? कदाचित बायकोला सुद्धा अर्धंच सांगितलं असेल. आणि एक दिवस गल्लीतल्या चादरीवर तेच मोठं होऊन सगळ्यांसमोर येणार, ते पण बापाच्या तोंडून, आणि लोक बापासाठी रडणार. त्या पोराला तिथे कुठे जागा आहे?

ताई राग मानू नका. तुम्ही मनापासून केलंय हे दिसतंय, म्हणूनच लिहिलं.

---

साचाखाते | सोमवार, दुपारी 1:30

राग कसला. "त्या पोराला तिथे कुठे जागा आहे" हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

---

स्पष्ट_बोलतो | सोमवार, संध्याकाळी 6:48

मी उलटं बोलणार आहे. सामाजिक बदलासाठी फिल्म करायची म्हणता ना, मग गल्लीत चादर बांधून किती लोकांनी बघितली? शंभर? ज्यांनी भोगलं त्यांनाच परत दाखवून काय होणार, त्यांना माहीतच आहे. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी बघायला हवं, आणि ते बघत नाहीत, बघू देत पण नाहीत.

आपल्या भोपाळचंच घ्या. 1984 च्या गॅसकांडावर तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी 'बियाँड जेनोसाईड' केली, तिला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं, आणि तीच फिल्म दूरदर्शननं दाखवायला नकार दिला. कारणं काय, तर विषय आता जुना झाला, भाषा संयत नाही, प्रकरण कोर्टात आहे. ते लोक घरी बसले नाहीत, कोर्टात गेले, आणि 1992 मध्ये सुप्रीम कोर्टानं दूरदर्शनच्या विरोधात निकाल दिला. डॉक्युमेंटरीवाल्या आनंद पटवर्धनांनी तर आपल्या एकेका फिल्मसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. ही माणसं प्रत्येकाच्या सुनेला विचारत बसली असती तर एक फिल्म पुरी झाली नसती.

सीन ठेवा, यूट्यूबवर टाका, सबटायटल घाला, महाराष्ट्रात पाठवा, दिल्लीत पाठवा. दादांचं दुःख लपवण्यासारखं नाहीये, ज्यांनी ते दिलं त्यांनी तोंड लपवावं.

---

निमाडकर | सोमवार, रात्री 9:20

स्पष्ट भाऊ, पटवर्धनांचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. त्यांच्या 'हमारा शहर' मध्ये, 1985 ची, मुंबईच्या झोपडपट्ट्या तोडण्यावरची, एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच झाडते की गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार. त्यांनी ते कापलं नाही, फिल्ममध्ये ठेवलं. आणि 'जय भीम कॉम्रेड' ला 14 वर्षं दिली. म्हणजे विचारत बसायला त्यांनाही वेळ होता, तुम्ही म्हणता तसं नाहीये.

आता माझं. मी नर्मदाकाठचा, बडवानीकडचा. आमच्या भागात धरणामुळे नव्वदच्या दशकापासून कॅमेरेच कॅमेरे आले. देशातले आले, परदेशातले आले. आमच्या आजीला अंगणात बसवून एका बाईनं दोन दिवस शूट केलं होतं, आजीनं त्यांना मक्याच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी खाऊ घातली. जाताना म्हणाल्या कॅसेट पाठवू. नाही आली. आजी पोस्टमनला विचारायची, चार-पाच वर्षं विचारत होती.

2019 मध्ये ते धरण, सरदार सरोवर, पहिल्यांदा पूर्ण 138.68 मीटरपर्यंत भरलं. चिखल्दा, निसरपूर, बुडालेल्या गावांची नावं तुम्ही पेपरात वाचली असतील. आमच्या आजोळचं अंगण पण त्यात गेलं. आज त्या घराचा आमच्याकडे एक धड फोटो नाही. जगात कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी कॅसेटवर आमची आजी त्या अंगणात बसलेली आहे आणि आम्ही ती बघू शकत नाही. ती फिल्म चांगलीच झाली असेल, कदाचित बक्षीस पण मिळालं असेल. माझं त्या बाईशी भांडण नाहीये, त्यांनाही अडचणी असतील. पण बदल बदल म्हणताना मला आधी ते आठवतं.

ताई तुम्ही पहिली चादर गल्लीत बांधलीत. तेच बरोबर केलंत.

---

पोहेजिलेबी | सोमवार, रात्री 9:55

निमाडकर काका... काय बोलावं. वाचतेय.

---

बडोदेकर | मंगळवार, सकाळी 8:30

बडोद्याहून लिहितोय. इथे विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, आमच्या गुजरातची.

अहमदाबादच्या 'सेवा' नं, म्हणजे कष्टकरी बायकांच्या संघटनेनं, 1984 मध्ये व्हिडिओचं काम सुरू केलं. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट येऊन शिकवून गेल्या, आणि शिकणाऱ्या कोण, तर सेवाच्या सभासद बायका, म्हणजे भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेरा, साऊंड, एडिटिंग सगळं त्यांनी स्वतः शिकून घेतलं. माणेक चौकात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांच्या जागेचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, त्याची फिल्म भाजीवालीनंच करायची, आणि मग ती दुसऱ्या गावच्या भाजीवाल्यांना दाखवायची.

स्पष्ट भाऊ म्हणतात ज्यांनी भोगलं त्यांनाच दाखवून काय होणार. हे होतं. एका बाईला कळतं की हे माझ्या एकटीचं नशीब नाही, पलीकडच्या गावात पण असंच चाललंय आणि तिथल्या बायकांनी अमुक केलं. साचाखाते ताईंच्या स्क्रीनिंगला जी बाई "पीछे लो" म्हणाली तिनं तेच केलं. साहेबानं बघून सही करावी हा एक रस्ता झाला. बाईनं बघून पेटी उघडावी हा दुसरा, आणि तो काही धाकटा नाही.

अवांतर: दादासाहेब फाळके आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले. राजा हरिश्चंद्र काढायच्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं होतं, कुंडीसमोर कॅमेरा लावून दिवसचे दिवस. एक गोष्ट मन लावून बघत राहायची हा आपल्याकडचा जुनाच धडा आहे, असं मला ते आठवलं की वाटतं.

---

वकीलकाका | मंगळवार, दुपारी 12:10

थोडं कायद्याचं, कारण कुणीच बोलत नाहीये.

एक. सार्वजनिक प्रदर्शनाला सिनेमॅटोग्राफ कायदा 1952 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, डॉक्युमेंटरी असली तरी. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या एका छोट्या माहितीपटावरून याला आव्हान दिलं होतं आणि 1970 मध्ये सुप्रीम कोर्टानं आधी तपासणी करण्याची पद्धत कायम ठेवली. गल्लीत, घरगुती, ओळखीच्यात दाखवलं तर कुणी विचारत नाही हे मलाही माहीत आहे, पण उद्या हॉल घ्याल, तिकीट लावाल, तर आधी ते करून घ्या. ऑनलाईनला ते प्रमाणपत्र लागत नाही, पण तिथे एकदा गेलेली गोष्ट परत येत नाही, डाउनलोड करून लोक तुकडे फिरवतात, तो धोका वेगळा.

दोन. दादांची संमती कॅमेऱ्यावर आहे ते ठीक, लेखी पण घ्या, साध्या मराठीत-हिंदीत एक पान पुरे. त्यात कुठे कुठे दाखवणार हे स्पष्ट लिहा, गल्लीत, कॉलेजात, इंटरनेटवर, प्रत्येकाला वेगळा हो किंवा नाही. माणूस गल्लीत दाखवायला हो म्हणतो याचा अर्थ जगाला दाखवायला हो म्हणाला असा होत नाही. आणि ज्याचं नाव घेतलं गेलंय त्याला विचारा. ते कायद्यासाठी नाही, त्याच्या बायकोनं तुमच्या घरी येऊन ते सांगितलंय म्हणून.

तीन. काही लोक म्हणतील विषय शिळा. इंदूरची हुकुमचंद मिल 1991-92 च्या हिवाळ्यात बंद पडली. तिथल्या कामगारांच्या देण्यांचा सुमारे 224 कोटींचा चेक निघाला तो 25 डिसेंबर 2023 ला. जवळपास 4,800 कामगार. मधली बत्तीस वर्षं मोजा. ज्यांना पैसे मिळाले त्यांत किती ठिकाणी सही बायकोनं किंवा नातवानं केली असेल याचा विचार करा. कागद जपून ठेवणाऱ्या बायकांनी ही केस जिवंत ठेवली, मी कोर्टाच्या आवारात बघितलंय, त्या तारखेला येऊन नुसत्या बसायच्या, दशम्या बांधून आणायच्या. तो पेटीचा सीन कधीही काढू नका, फोकस हलला तर हलू दे.

---

स्पष्ट_बोलतो | मंगळवार, दुपारी 3:33

बडोदेकर आणि निमाडकर, दोघांचं वाचलं. आजीचं वाचून काल झोप लागली नाही. मी अजूनही म्हणेन की मोठ्या पडद्यावर जायला पाहिजे, गप्प बसण्यानं गिरणीवाल्यांचं कधी भलं झालं नाही. पण प्रत्येकाच्या सुनेला विचारत बसणं वगैरे जे लिहिलं ते मागे घेतो.

---

बूमवाला | मंगळवार, रात्री 11:15

मी साऊंडचं काम करतो, सध्या मुंबईत, मूळचा ग्वाल्हेरचा. माझा मुद्दा अगदी छोटा आहे.

समजा सीन ठेवायचा ठरला आणि नुसतं मुलाचं नाव काढायचं ठरलं, तर प्लीज बीप लावू नका. बीप लावला की माणूस गुन्हेगार वाटतो. नुसता आवाज कापून पूर्ण शांतता पण ठेवू नका, कानाला खड्डा लागतो, बघणाऱ्याला लगेच कळतं इथे काहीतरी लपवलंय. ज्या खोलीत शूट केलं त्याच खोलीचा रिकामा आवाज लागतो, आम्ही रूम टोन म्हणतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, पंखा, बाहेरचा रस्ता, भिंतीचा पत्रा. तो एक तुकडा नावाच्या जागी बसवायचा, ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस बोलता बोलता क्षणभर थांबला.

शूटच्या वेळी रूम टोन घेतला होता का? नसेल तर परत जा, त्याच जागी, जमलं तर त्याच वेळेला. पंखा त्याच स्पीडवर. कुणीही बोलायचं नाही, हलायचं नाही, एक मिनिट पुरे. मिक्स करून देईन मी, पैसे वगैरे काही नको.

---

साचाखाते | बुधवार, सकाळी 6:50

रूम टोन घेतला नव्हता. नावच आज ऐकलं.

उद्या दादांच्या मुलाला भेटायला जातेय. सगळ्यांचे आभार, प्रत्येक पोस्ट दोन-दोनदा वाचलीये. भेटून आल्यावर लिहिते.

---

भट्टा_गल्ली | शनिवार, सकाळी 9:05

ताई काय झालं? धागा वर काढतोय.

---

साचाखाते | रविवार, रात्री 10:20

उशीर झाला, माफ करा. जरा सावरून लिहायचं होतं.

गुरुवारी रात्री साडेनऊला त्यांच्या दुकानात गेले, शटर अर्धं खाली घेतल्यावर. म्हटलं, तुमच्याबद्दल एक गोष्ट माझ्याकडे आहे, तुम्हाला न विचारता ठेवलीये, आधी तुम्ही बघा आणि मग जे सांगाल ते. काउंटरवर गॅस्केटची खोकी बाजूला सारून लॅपटॉप ठेवला. ते उभ्यानंच बघत होते. चष्मा पुसायच्या ठिकाणी त्यांनी हात वर केला, मी थांबवलं. म्हणाले मागे घ्या. तीनदा मागे घ्यायला लावलं. एकदाही "घास" वाल्या वाक्यापर्यंत जाऊ देईनात, चष्म्यापाशीच थांबायचे.

मग पूर्ण बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, काउंटरवरचे बोल्ट एकेक करून डबीत भरत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं त्यांना आठवतच नसेल." आणि थोड्या वेळानं, "हॉटेलात मालक चांगला होता. रात्री उरलेले समोसे द्यायचा. हे त्यांना माहीत नाही, मी कधी सांगितलं नाही." एवढंच. मी कॅमेरा नेला नव्हता आणि बरं झालं नेला नाही.

शुक्रवारी घरी बोलावलं, सगळ्यांसमोर ठरवायला. दादा, मुलगा, सून, आणि जिचं लग्न जमतंय ती पण होती. सुनेचं म्हणणं ठाम होतं आणि तिनं ते सासऱ्यांसमोर नीट मांडलं, इंटरनेटवर नको म्हणजे नको. दादा म्हणाले की मला जे बोलायचं होतं ते मी बोललो, आता काढलंत तर परत बोलायची ताकद नाही. मुलगा म्हणाला, "बाबांचं राहू द्या. माझं नाव काढा. गल्लीला कळेलच मी कोण ते, त्याची लाज नाही, पण बाहेरच्यांना कळायची गरज नाही." वकीलकाका, तुमच्या सांगण्याप्रमाणे एक पान लिहून नेलं होतं, त्यात गल्ली आणि कॉलेज हो, इंटरनेट नाही, असं लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. लग्नानंतर परत विचारीन, तेव्हाही नाही म्हणाले तर नाही. नातीनं पान वाचून दाखवलं सगळ्यांना, एक शुद्धलेखनाची चूक पण काढली.

स्पष्ट भाऊ, यूट्यूबवर जाणार नाही हे तुम्हाला पटणार नाही, पण सीन राहिलाय.

मग रूम टोन. मी सांगितलं की एक मिनिट कुणी बोलायचं नाही. त्यांना वाटलं बाहेर जायचं, उठायला लागले, मी म्हटलं नका जाऊ, शूटच्या दिवशी दादा जिथे होते तिथे बसू द्या, तुम्ही पण बसा, माणसं असली की खोलीचा आवाज तसाच राहतो. (बूमवाला दादा, हे बरोबर आहे ना?) दादा पलंगावर, मुलगा खाली भिंतीला टेकून, सून दारात, नात तिच्या मागे. पंखा दोनवर. मी हेडफोन लावले आणि रेकॉर्ड दाबलं.

पंख्याची एक पाती कुठेतरी घासते, ती दर फेरीला टक करते, हे मला शूटच्या वेळी कधी ऐकूच आलं नव्हतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली, सुनेनं सवयीनं मान वळवली आणि परत सरळ केली. रस्त्यावरून एक गाडी गेली. चाळिसाव्या सेकंदाला दादांनी चष्मा काढला आणि पुसायला बनियनचं टोक शोधायला लागले, नवा शर्ट घातला होता त्यांनी, टोक सापडेना. मुलानं बसल्या बसल्या हात वर केला, त्यांच्या हातातून चष्मा घेतला, आपल्या रुमालानं पुसला आणि परत दिला. आवाज न करता. मी मिनिट झाल्यावर पण थांबवलं नाही, दोन मिनिटं अकरा सेकंदांचा झालाय.

फाईल बूमवाला दादांना पाठवली आहे.

स्क्रीनिंग पुढच्या रविवारी, संध्याकाळी सात, त्याच गल्लीत. इंदुरातले जे कोणी येऊ शकतात त्यांनी जरूर या. खुर्च्या नाहीत, सतरंजी घेऊन या, आणि घरात मिलचे कागद असतील तर ते पण आणा, भाचा आणि त्याचे मित्र फिल्म झाल्यावर बसणार आहेत.

---

बूमवाला | रविवार, रात्री 11:48

बरोबर आहे ताई, माणसं हवीतच. फाईल ऐकली. कुकरची शिट्टी काढत नाही, ठेवतोय.

---

सूनबाई_उज्जैन | सोमवार, सकाळी 8:12

मी येतेय, सासूबाईंना घेऊन. त्यांचे वडील पण मिलमध्ये होते, माळ्यावर एक पेटी आहे, आज काढायला लावते.